दोन एक्केचाळीसची भूक

एका तरुणाच्या बँक स्टेटमेंटवर ओळ होती: मुदत ठेव मुदतीआधी बंद, 80,000 रुपये अधिक थोडं व्याज. महिना नोव्हेंबर 2024. वेळ बँकेच्या मेसेजमध्ये सापडली, रात्रीचे 2 वाजून 41 मिनिटं. त्याखालची ओळ 2 वाजून 49 मिनिटांची: 74,999 रुपये, एक फोन. वडील गेल्यावर आलेल्या पैशांतून आईने आग्रहाने ठेवायला लावलेली रक्कम आठ मिनिटांत जवळजवळ संपली होती, आणि जानेवारी संपत आला तरी घरात कुणाला पत्ता नव्हता.

मी 31 वर्षं बँकेत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर, पैशांच्या अडचणीत सापडलेल्या घरांशी बोलायचं काम आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिलं. हे प्रकरण त्यातलंच. घरच्यांनी हे वाचून होकार दिला आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. घरात त्याला सगळे ‘धाकटा’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

घर आणि आकडे

धाकट्याचं वय 28. पुण्यातल्या हिंजवडीत एका कंपनीत परदेशी ग्राहकांचे फोन घेतो, हातात 46,000 येतात. घर घोरपडीत. घरी आई, खासगी हॉस्पिटलात नर्स असलेली बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी. शिफ्ट रात्री दीडला सुटते, दोनच्या सुमारास कॅब निघते आणि तिघाचौघांना सोडत घोरपडीला पोचायला तीन वाजतात.

जानेवारी 2025 मध्ये देणं असं होतं: दोन क्रेडिट कार्डांवर 1,38,000, मोबाइल ॲपवरून घेतलेली तीन कर्जं मिळून 64,000 आणि ‘आत्ता घ्या, नंतर द्या’चे 11,500. एकूण 2,13,500. दारू नाही, जुगार नाही. बूट, हेडफोन, घड्याळ, मुलीसाठी तिच्या वयाला न शोभणारी महागडी खेळणी, मध्यरात्रीची बिर्याणी. यातली एकही वस्तू पाप नाही, म्हणून तर त्याला स्वतःलाही कित्येक महिने काही चुकतंय असं वाटलं नाही.

कार्डाचं गणित मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 1,38,000 वर 4,830 व्याज. त्यावर 18 टक्के जीएसटी, 869. झाले 5,699. तो महिन्याला 6,900 भरत होता आणि ‘हप्ता वेळेवर जातोय’ या समाधानात होता. मुद्दलातून फिटत होते जेमतेम 1,200. तेही, त्या महिन्यात कार्डावर नवीन काही घेतलं नाही तरच. तो कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “काका, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी बघत नव्हतो.”

माझी चूक

इथे माझं चुकलं ते स्पष्ट सांगतो, कारण मंडळ्यांमध्ये ही चूक सर्रास होते.

मी त्याला शपथ घ्यायला लावली. बायकोसमोर, बायबलवर हात ठेवून. सगळी ॲप काढून टाक, कार्ड कापून टाक, मोह झाला की गुडघे टेकून प्रार्थना कर. गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळाची, म्हणजे पवित्र आत्मा माणसात रुजवतो त्या गुणांची, यादी वाचून दाखवली, ‘इंद्रियदमन’ या शब्दावर जोर दिला. पौलाने करिंथकरांना लिहिलेलं वचनही सांगितलं, की सोसवेल त्याहून मोठी परीक्षा देव तुमच्यावर येऊ देणार नाही.

आठ दिवस निभले. नवव्या रात्री कॅबमध्येच ॲप परत आलं आणि 3,200 रुपयांचे बूट घेतले गेले. त्यानंतरचे दोन रविवार तो उपासनेला आला नाही. त्यातला एक प्रभुभोजनाचा होता. बायकोचा फोन आला, “काका, तो आता माझ्याशी नजर मिळवत नाही.” म्हणजे कर्ज होतं तिथेच राहिलं, आणि वर शपथ मोडल्याचं ओझं मी त्याच्या डोक्यावर ठेवलं.

पौलाचं ते वचन मी अर्धंच वापरलं होतं. त्याच ओळीत पुढे आहे की देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करतो. मी परीक्षा दाखवली, उपाय शोधायचे कष्ट घेतले नाहीत. इंद्रियदमन हे आत्म्याचं फळ आहे, आणि फळ काही हुकूम दिल्याने धरत नाही.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. याच दिवसांत तो शहरातल्या एका मोठ्या प्रार्थनासभेला जाऊन आला होता. तिथे ‘विश्वासाने पेरा, आजच मोकळे व्हाल’ असं सांगितलं गेलं आणि त्याने 5,000 रुपये दिले. उसने घेऊन. मला याचा मनापासून राग आला आणि अजून आहे. ताबडतोब मिळवायच्या ज्या ओढीने तो कर्जात बुडाला, तीच ओढ त्याला देवाच्या नावाने पुन्हा विकली गेली. मुलाचं वचन देऊन अब्राहामाला वर्षानुवर्षं वाट पाहायला लावणाऱ्या देवाची ही ओळख नव्हे.

वेळांचा तक्ता

मग मी बँकवाल्याचं काम केलं. सहा महिन्यांची स्टेटमेंटं आणि मेसेज घेऊन बसलो, खर्चाच्या प्रत्येक ओळीसमोर वेळ लिहिली. 117 अनावश्यक खरेद्या निघाल्या. त्यातल्या 90च्या वर रात्री दोन ते तीनच्या मधल्या. कॅबमधला तास! ऑफिसात नऊला जेवलेला, आठ तास परक्यांच्या शिव्या ऐकलेला माणूस, मागच्या सीटवर, हातात फोन.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायातला एसाव असाच रानातून थकून येतो आणि भाकरी व मसुराच्या आमटीसाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क भावाला, याकोबाला, विकतो. आपण त्याला मूर्ख ठरवून पुढे जातो. पण तो काय म्हणतो ते पाहा: मी मरायला टेकलोय, ज्येष्ठत्वाचा हक्क मला काय कामाचा? तो मरत नव्हता. त्याला भूक लागली होती. भुकेल्या, दमलेल्या माणसाला उद्याचा दिवस दिसत नाही, समोरचं भांडं तेवढं दिसतं. इब्री लोकांस पत्रात एका जेवणासाठी हक्क विकणारा म्हणून त्याला कडक शब्द लावलेत, ते खरेच आहेत. पण घरी कुणी एसाव असेल तर त्याला ते शब्द ऐकवण्याआधी तो जेवलाय का ते विचारावं, असं मला आता वाटतं.

तक्त्यात दुसरीही एक गोष्ट दिसली. मोठ्या खरेद्या वाईट दिवसांच्या नव्हत्या, पुढे ढकललेल्या दिवसांच्या होत्या. बढती ‘पुढच्या तिमाहीत’ म्हणून कळवलं, त्या रात्री एफडी मोडली. रजा नामंजूर झाली, त्या रात्री घड्याळ आलं. मी विचारलं, “कुणी ‘नंतर देतो’ म्हणालं की तुला काय होतं रे?”

तो बराच वेळ गप्प होता. मग गल्ल्याची गोष्ट निघाली.

गल्ला

तो दहा वर्षांचा असताना वडिलांची कंपनी बंद पडली. माणूस वाईट नव्हता, पण खचला. सायकल पुढच्या नाताळला, सहल पुढच्या वर्षी, असं सगळं पुढे जात राहिलं. धाकट्याने बॅटसाठी मातीच्या गल्ल्यात पैसे साठवले होते. 340 रुपये, त्याला आकडा अजून पाठ आहे. एके दिवशी शाळेतून आला तर गल्ल्याच्या खापऱ्या मोरीजवळ पडलेल्या. वडील म्हणाले, पगार सुरू झाला की देतो. पगार सुरू झाला नाही. पैसेही आले नाहीत.

“तेव्हाच ठरवलं काका, हातात असेल ते आपलं. ठेवलं की गेलं.”

लहान मुलांना एक मार्शमॅलो देऊन ‘थांबलास तर दोन’ म्हणणारा स्टॅनफर्डचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. वॉल्टर मिशेल यांचा, 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला. त्यावरून आपण धडा काढतो की जो थांबतो तो शहाणा. पण अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी 28 मुलांना आधी चांगले रंग आणि स्टिकर आणून देतो असं सांगितलं. निम्म्यांना ते आणून दिले, उरलेल्यांकडे मोठा माणूस हात हलवत परत आला, ‘सॉरी, नाहीयेत’ म्हणाला. मग मार्शमॅलो समोर ठेवला. शब्द पाळलेल्या मोठ्या माणसासाठी मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. शब्द मोडलेल्यासाठी 3 मिनिटं.

या आकड्यांनी माझी झोप उडवली. वाट पाहणं हे मनगटाच्या जोरावर चालत नाही. ज्याने शब्द दिलाय त्याच्यावर भरवसा असेल तर माणूस थांबतो. ख्रिस्ती भाषेत आपण याला विश्वास म्हणतो आणि रविवारी तोंडपाठ म्हणून टाकतो.

मग मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली येशूची परीक्षा, जिथे सैतान त्याला धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो, ती मला वेगळी दिसू लागली. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भूक लागणं हे पाप नव्हे, भाकरही वाईट नव्हे. ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ या शब्दांत खरा डंख आहे. त्याच्या थोडंच आधी, बाप्तिस्म्याच्या वेळी, हा माझा परमप्रिय पुत्र अशी वाणी झालेली असते. मोह म्हणतो, त्या वाणीवर विसंबू नकोस, आपलं आपण करून घे. येशू थांबतो. आणि त्या उताऱ्याच्या शेवटी देवदूत येऊन त्याची सेवा करतात, ते वाक्य आपण उपदेशात नेहमी गाळतो.

मान्नाही तसाच, म्हणजे रानात देवाने लोकांना आकाशातून दिलेलं अन्न. मिसरातून (इजिप्तमधून) सुटलेल्या लोकांना ‘उद्या’ कधी आपला वाटलेलाच नव्हता, गुलामांना कसला उद्या! देवाने त्यांच्याकडून शपथ घेतली नाही. रोज सकाळी त्या दिवसापुरतं दिलं. साठवलं त्यात किडे पडले, सहाव्या दिवशी दुप्पट मिळालं ते मात्र टिकलं. चाळीस वर्षं, रोज. भरवसा असा रुजवावा लागतो.

काय केलं

5 मार्च 2025 ला राख बुधवार होता, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस; या काळात लोक आवडीचं काहीतरी सोडतात. ईस्टर 20 एप्रिलला. रविवार वगळून चाळीस दिवस. धाकट्याला मी सांगितलं, यंदा तू काही सोडू नकोस, शब्द पाळ. छोटे. आणि इतरांनी तुला दिलेले छोटे शब्द पाळले जातात का ते बघ.

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून त्याने मुलीसाठी मातीचा गल्ला आणला. उपासाच्या प्रत्येक दिवशी कामाला निघण्याआधी तिला उचलून तिच्या हाताने 20 रुपयांची नोट आत टाकायची. ईस्टरला फोडायचा, त्याआधी कुणीही हात लावायचा नाही.

आईने रात्रीचा डबा सुरू केला. भाकरी आणि मसुराची आमटी. हा योगायोग तिच्या लक्षात आला नव्हता, मी सांगितल्यावर ती हसली. दीडला शिफ्ट सुटली की कॅब येईपर्यंत कँटीनमध्ये बसून खायचं.

कॅबमधल्या तासासाठी माणूस हवा होता. मंडळीतले एक मामा रेल्वेत लोको पायलट होते. उभ्या आयुष्याच्या ड्यूट्यांमुळे त्यांची झोप रात्री दोनला उघडते ती उघडतेच. ते सव्वादोनला फोन करायचे. पाचसात मिनिटं गप्पा, मग दोघं मिळून प्रभूची प्रार्थना. हळू आवाजात, शेजारी झोपलेला सहकारी उठू नये म्हणून. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ मामा ‘आज’वर थांबायचे. मुद्दाम नव्हे, त्यांची सवयच तशी.

काही हवंसं वाटलं तर ‘नाही’ म्हणायचं नव्हतं. वहीत वस्तू, किंमत आणि वेळ लिहायची, दुसऱ्या दिवशी जेवल्यानंतर बायकोबरोबर ती ओळ वाचायची, मग ठरवायचं. वहीत 38 ओळी झाल्या. घेतल्या गेल्या चार. त्यातली एक मिक्सरचं भांडं.

कर्जाची बाजू: फोन त्याने 46,000 ला विकला, ॲपची दोन कर्जं त्यात पूर्ण मिटली आणि तिसऱ्याचे 18,000 तीन पगारांत गेले. कार्डांसाठी बायकोच्या हॉस्पिटलातल्या सेवकांच्या पतसंस्थेतून 12 टक्क्यांनी 1,38,000 चं कर्ज, 24 महिने, हप्ता साधारण 6,500. आधी भरत होता त्याहून कमी, आणि या हप्त्याला शेवट होता. पण हे कर्ज तिच्या नावावर होणार होतं. मी तिला म्हटलं, हा निर्णय तुझा, मंडळीचा दबाव मानू नकोस. ती म्हणाली, “मला वेळ द्या.” तिने सोळा दिवस घेतले. त्या सोळा दिवसांत धाकट्याने तिला एकदाही विचारलं नाही. सबंध प्रकरणात त्याने केलेली ही सर्वांत कठीण गोष्ट होती असं मी मानतो.

घसरण झालीच. मार्चच्या शेवटी बढती पुन्हा लांबली. मामांना त्या रात्री ताप होता, फोन आला नाही. सव्वादोन उलटून गेल्यावर धाकट्याने ॲपवरून 25,000 घेतले. फरक एवढाच की सकाळी साडेसातला त्याने मला फोन केला. पैसे खात्यातच होते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत (तेव्हा सप्टेंबर 2022 चे लागू होते) कूलिंग-ऑफ काळ आहे, म्हणजे फेरविचाराची मुदत. तिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून कर्ज परत करता येतं, दंड लागत नाही. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जाला तेव्हा ती किमान तीन दिवसांची होती. कर्जासोबत जे मुख्य तथ्य पत्रक येतं त्यात ती लिहिलेली असते, पण ते पत्रक कुणी उघडत नाही. आम्ही उघडलं. नऊच्या आत 25,000, वीस-एकवीस रुपये व्याज, इतकं भरून विषय मिटला. आधीच कापलेले 590 रुपये प्रक्रिया शुल्क तेवढं गेलं. कर्जात अडकलेल्या प्रत्येक तरुणाला हा नियम कुणीतरी सांगायला हवा, मंडळीत सांगितला तरी चालेल.

आईला सांगणं

एफडीचं सांगायचं बाकी होतं. त्याने उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी सांगितलं. मी तिथे होतो, त्याच्याच विनंतीवरून. आई तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं, रक्कम विचारली, ताट बाजूला ठेवलं. रडणं नाही, ओरडणं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तुझ्या पपांनी गल्ला फोडला तेव्हा मी ओट्यापाशीच उभी होते. मी काही बोलले नाही.”

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. मी प्रार्थना करू का विचारलं, ती म्हणाली, “आज नको भाऊ. आज नुसतं बसा.”

आजची स्थिती

हे लिहितोय ते नोव्हेंबर 2025 मध्ये. ॲपची कर्जं आणि ‘नंतर द्या’चं देणं संपलं, पतसंस्थेचे सात हप्ते गेले. एफडीची भरपाई अजून सुरूही झालेली नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा बूट आले, वहीत न लिहिता. बायकोचा भरवसा परत येतोय, पण हळू, आणि तिला तो हक्क आहे. रात्रपाळी तशीच आहे. मामांचा फोन आता आठवड्यातून दोनदा जातो, बाकी दिवशी धाकटाच कंपनीतल्या एका नव्या मुलाशी बोलत येतो, तोही कर्जात आहे.

ईस्टरच्या दुपारी त्यांच्याकडे जेवायला होतो. गल्ला जुन्या चादरीवर ठेवला, मुलीने लाटणं मारलं, तिसऱ्या फटक्याला फुटला. चाळीस दिवसांचे 800 व्हायचे होते, त्यात तुळशीबागेतून भातुकली आणायची ठरली होती. धाकटा नोटा सरळ करून मोजत होता. विसाच्या नोटांमध्ये शंभराच्या तीन निघाल्या. त्याने पुन्हा मोजलं. 1,140.

त्याने बायकोकडे पाहिलं, तिने मान हलवली. मग तो तसाच, नोटा हातात धरून, ओट्याकडे बघत राहिला. आई पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती.